पाठवणारा मागे राहतो, निरोप पुढे जातो

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात राईनपाडा नावाचे छोटे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, तिथे आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, त्या दिवशी गावात आले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि बाजारातल्या लोकांना संशय आला. जमावाने पाचही जणांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तिथेच त्यांचा जीव घेतला.

त्याआधी काही आठवडे मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज खानदेशातल्या मोबाइलवर फिरत होते. त्या वर्षी देशभर पसरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात आणि शेवटी ते परत आणून सोडतात, पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेला तुकडा भारतात खरी घटना म्हणून फिरला.

या मेसेजची घडण नीट पाहण्यासारखी आहे. ‘आपल्या भागात टोळी आली आहे’, ‘काल रात्री दोन मुले उचलली’, ‘सर्वांना कळवा’. कोणता भाग? कोणती रात्र? कुणाची मुले? सांगणारा कोण? यातले काहीही मजकुरात नसायचे. म्हणूनच तो साक्रीत वाचला की साक्रीचा वाटायचा आणि मालेगावात वाचला की मालेगावचा. त्याला कुठेही जाता येत होते, कारण तो कुठलाच नव्हता.

हा लेख चांगला, आटोपशीर, सहज पुढे पाठवता येणारा मजकूर कसा लिहावा याविषयी आहे. सुरुवात राईनपाड्यापासून केली, कारण मजकूर हलका केला की तो दूर जातो, आणि काय काढून हलका केला यावर तो जीव वाचवणार की घेणार हे ठरते. खोटा मेसेज ठिकाण, वेळ आणि जबाबदार माणूस टाकून हलका होतो. खऱ्या माहितीने हेच तीन घटक जपायचे आणि बाकीचे सगळे सोडायचे, एवढेच या लेखनाचे सूत्र आहे.

खानदेशातून जगभर गेलेली मर्यादा

राईनपाड्यानंतर दोनच दिवसांत केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सॲपला जाहीर समज दिली. त्याच महिन्यात कंपनीने पुढे पाठवलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ ही खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असे ठरवले. जानेवारी २०१९मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२०पासून, पाच किंवा अधिक हातांतून फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा मेसेजवर दुहेरी बाण दिसतो.

पाच हा आकडा लहान वाटला तरी गणित करून पाहा. २०१८मध्ये एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त २५६ माणसे असायची. पाच ग्रुप म्हणजे १,२८० माणसे, तीही एकाच माणसाच्या बोटाने. पुढच्या प्रत्येकाला पुन्हा पाच वाटा मोकळ्या असायच्या. त्यामुळे तंत्राने वेग कमी होतो, मजकुराची जबाबदारी मात्र लिहिणाऱ्याकडे आणि पुढे ढकलणाऱ्याकडेच राहते.

दवंडी आणि फॉरवर्ड

गावाला झटपट खबर देण्याची जुनी पद्धत दवंडीची. कोतवाल हलगी किंवा डफडे वाजवत चौकाचौकात थांबायचा आणि दोन वाक्यांत निरोप सांगायचा. कुणी सांगितले, काय आहे, कधी, कुठे जमायचे, संपले. दवंडी छोटी असूनही चालायची, कारण उरलेली माहिती समोर उभ्या असलेल्या माणसात होती. कोतवाल ओळखीचा, गाव तेच, दिवस आजचा. शंका आली तर त्याला तिथल्या तिथे थांबवून विचारता यायचे.

तोंडोतोंडी पुढे गेलेल्या खबरेचे काय होते, यावर गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले आणि १९४७मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. एकाने चित्र पाहून दुसऱ्याला वर्णन सांगायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाच-सहा माणसांत सुमारे ७० टक्के तपशील गळून पडत. जे उरे ते अधिक ठसठशीत होई आणि ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहाकडे झुके.

फॉरवर्डमध्ये नेमके उलटे घडते. तिथे शब्द गळत नाहीत, काना-मात्रेसकट जसेच्या तसे पोचतात. गळतात ते शब्दांभोवतीचे सगळे संदर्भ: कोणत्या ग्रुपमध्ये लिहिले होते, कुणाला उद्देशून, कोणत्या दिवशी, कशाच्या उत्तरादाखल. पाचोऱ्याच्या एका शाळेच्या ग्रुपवर ‘उद्या शाळेला सुट्टी’ हे वाक्य पूर्ण असते. तेच वाक्य तीन ग्रुप ओलांडून चाळीसगावात पोचले की ती अफवा होते, आणि लिहिणाऱ्याने एक अक्षरही खोटे लिहिलेले नसते. म्हणून जे ग्रुपमधल्या सगळ्यांना ठाऊकच आहे, तेच मजकुरात लिहायचे. अनोळखी वाचकाला नेमके तेवढेच ठाऊक नसते.

एकेक ओळ आपल्या पायावर कशी उभी राहते, याचे खानदेशाला जवळचे उदाहरण आहे. असोद्यात १८८० साली जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात त्या ओव्या रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या इतरांनी त्या ऐकून उतरवल्या, आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापली गेली. आज त्यांच्या ओळी सुट्या सुट्या लोकांच्या बोलण्यात येतात. पूर्ण कविता माहीत नसलेला माणूसही एक ओळ अचूक वापरतो, कारण ती एका दमात म्हणता येते आणि तिच्यातला विचार तिथेच पुरा होतो. माहितीच्या मजकुरालाही हीच कसोटी लावावी. त्यातले कोणतेही एक वाक्य कुणी उचलून दुसरीकडे ठेवले, तर ते खरे राहते का? ‘तसे झाले तरच’, ‘वरील ठिकाणी’, ‘त्या दिवशी’ अशा शब्दांवर टेकलेले वाक्य एकटे पडले की कोसळते.

सत्तर चिन्हांची चौकट

छोट्या मजकुराच्या आजच्या सवयीची मुळे तंत्रात आहेत. मोबाइलच्या एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरांसाठी त्याचे १६० अक्षरांचे माप होते. १९८५मध्ये जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी घरी बसून निरनिराळी वाक्ये टंकली, अक्षरे मोजली आणि रोजचे निरोप बहुधा १६०मध्ये मावतात असे त्यांना आढळले. २००६मध्ये निघालेल्या ट्विटरने त्यातली वीस अक्षरे नावासाठी ठेवून मजकुराला १४० दिली. २०१७मध्ये ती २८० झाली.

देवनागरीला मात्र त्याच एसएमएसमध्ये ७० चिन्हेच मिळतात, कारण आपले प्रत्येक चिन्ह दोन बाइट घेते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘मुख्याध्यापक’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो, यंत्राला तो बारा चिन्हांचा असतो. साध्या बटणांच्या मोबाइलवर आणि इंटरनेट बंद असताना एसएमएसच पोचतो, तेव्हा हे माप आजही कामाचे आहे.

व्हॉट्सॲपवर एवढी तंगी नाही, पण लांब मजकूर काही ओळींनंतर ‘आणखी वाचा’ या पाटीमागे जातो. बरेच वाचक ती पाटी उघडत नाहीत आणि वरचे वाचूनच पुढे पाठवतात. म्हणून निरोपाचा गाभा पहिल्या दोन ओळींत आलाच पाहिजे. ‘सर्व बंधू-भगिनींना नम्र विनंती की’ या आदबशीर सुरुवातीने पहिली ओळ खर्ची पडते. आदर शेवटी व्यक्त करता येतो, गावाचे नाव शेवटी टाकून चालत नाही.

तापीकाठचा नमुना

जळगाव जिल्ह्यात पावसाळ्यात सर्वांत जास्त फिरणारा खरा मेसेज बहुधा हतनूर धरणाचा असतो. भुसावळ तालुक्यात तापीवर असलेल्या या धरणाला ४१ दरवाजे आहेत. वर मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, त्यामुळे विदर्भात किंवा मध्य प्रदेशात पाऊस झाला की इथे आभाळ कोरडे असतानाही दरवाजे उघडावे लागतात. हेच पाणी पुढे यावल, जळगाव, चोपडा, अमळनेर आणि मग धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर-शिंदखेड्याकडे जाते. आता एक नेहमीचा मजकूर पाहा.

‘तातडीचे!! आत्ताच धरणाचे सर्व दरवाजे उघडले, प्रचंड पाणी सोडले आहे. आज रात्री मोठा पूर येणार. सर्वांनी सावध राहा. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.’

यात धरणाचे नाव नाही. ‘आत्ता’ म्हणजे केव्हा हे वाचणाऱ्याला कळत नाही. पूर येणार हे कुणी सांगितले ते नाही. सावध राहायचे म्हणजे काय करायचे, तेही नाही. हा मेसेज पुढच्या वर्षीही चालेल आणि कोल्हापुरातही चालेल. आता दुसरा पाहा. यातली तारीख आणि दरवाज्यांची संख्या नमुन्यापुरती आहे.

‘हतनूर धरण, तापी नदी. २४ ऑगस्ट २०२५, सकाळी ९.
४१पैकी २० दरवाजे पूर्ण उघडले आहेत.
भुसावळ, यावल, जळगाव, चोपडा तालुक्यांतील नदीकाठच्या गावांनी नदीत उतरू नये. गुरे आणि काठावरच्या मोटारी वर आणाव्यात.
पुढची माहिती आजच्या तारखेला दुपारी १ वाजता.
– विभागाचे नाव, दूरध्वनी क्रमांक’

चाळिसेक शब्द झाले. पण या नमुन्यातही एक चूक राहिली आहे: ‘आजच्या तारखेला’. हा मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी शिरपुरात वाचला, तर ‘आज’ बदललेला असेल. तिथे ‘२४ ऑगस्ट, दुपारी १’ असेच हवे. आज, उद्या, काल, आत्ता, नुकतेच, इथे, आपल्याकडे हे शब्द बोलताना सोयीचे असतात, पण पुढे जाणाऱ्या मजकुरात ते दर हाताला अर्थ बदलतात. लिहून झाल्यावर ते शोधून काढायचे आणि त्यांच्या जागी तारीख आणि ठिकाण घालायचे.

ठिकाणाबरोबर तालुकाही लागतोच. साक्री हा धुळे जिल्ह्यातला तालुका आहे आणि भुसावळजवळ साकरी नावाचे गाव आहे. एका जोडाक्षराच्या फरकाने निरोप शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर भलत्याच ठिकाणी जातो. पिंपळगाव आणि वडगाव तर किती तालुक्यांत सापडतील.

भाषा वाचणाऱ्याच्या कानाची असावी. २०११च्या जनगणनेत खानदेशी या भाषेखाली, अहिराणी धरून, सुमारे १८ लाख ६० हजार लोक नोंदले गेले आहेत. ‘सतर्कतेचा इशारा देण्यात येत आहे’ यापेक्षा ‘नदीत उतरू नका’ हे घरातल्या आजीलाही वाचून दाखवता येते, आणि वाचून दाखवणारा ते सहज ‘नदीमा उतरू नका’ असे अहिराणीत सांगतो. सोपे क्रियापद एका बोलीतून दुसरीत न सांडता जाते. ‘कार्यवाही करण्यात यावी’ जात नाही.

भाव, रक्त आणि हरवलेले मूल

रावेर-यावलच्या केळी उत्पादकांना रोज भावाचे मेसेज येतात. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या बाजारात काय भाव निघाला, याकडे सगळ्यांचे डोळे असतात. तिथे नुसता एक आकडा फिरला तर नुकसान होते. नवतीचा भाव की पिलबागेचा, कांदेबागेचा? क्विंटलला की आणखी कशाला? बऱ्हाणपूरचा की रावेरचा? आणि कोणत्या तारखेचा? भावाच्या मेसेजमध्ये बाजार, माल, एकक आणि तारीख हे चार शब्द आकड्याइतकेच मोलाचे आहेत. त्यातला एक गळला, तर कापणी आज करायची की दोन दिवसांनी, हा शेतकऱ्याचा निर्णय चुकीच्या आकड्यावर उभा राहतो.

रक्त हवे असल्याचे आणि मूल हरवल्याचे मेसेज कळकळीने पुढे पाठवले जातात. त्यांत बहुतेक वेळा मुदत नसते. रुग्ण बरा होऊन घरी जातो, मूल सापडते आणि मेसेज वर्षानुवर्षे फिरत राहतो. नातेवाइकांना अनोळखी फोन येतात. रक्तदात्यांची हाक ऐकण्याची सवय मोडते. हरवलेल्या मुलाचा जुना फोटो तर पुढच्या अफवेचा पुरावा म्हणून वापरला जातो. म्हणून अशा मजकुराच्या पहिल्याच ओळीत ‘अमुक तारखेपर्यंत’ असे लिहावे. गरज संपताच त्याच ग्रुपवर ‘गरज पूर्ण झाली, आता पाठवू नका’ असा दुसरा मेसेज टाकावा. आपला मूळ मेसेज सर्वांसाठी पुसला, तरी पुढे गेलेल्या प्रती पुसल्या जात नाहीत. मागाहून दुरुस्ती अशक्य असल्यामुळे मुदत मजकुराच्या आतच लागते.

स्रोताचे नावही, हतनूरच्या नमुन्यात राहिले तसे, शेवटच्या ओळीपुरते ठेवू नये. शेवटची ओळ कापणे सर्वांत सोपे असते. ‘जळगाव जिल्हा प्रशासन कळवते’ हे पहिल्याच वाक्याच्या पोटात असले, तर ते काढायला वाक्य मोडावे लागते.

लोक पुढे का पाठवतात

राईनपाड्याच्या आधी चार महिने, मार्च २०१८मध्ये, ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेच्या एमआयटीतल्या संशोधकांचा अभ्यास आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी तपासल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. १,५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला जवळपास सहापट वेळ लागत होता. खोट्या बातमीत नावीन्य जास्त असते, ती वाचून आश्चर्य आणि किळस वाटते, आणि माणसाचा हात तिकडे वळतो.

हे वाचून खरे लिहिणाऱ्याने हताश होण्याचे कारण नाही. जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी २०१२मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सुमारे सात हजार लेखांचा अभ्यास मांडला. राग आणि चिंता जागवणारे लेख जास्त पाठवले गेले, तसेच विस्मय वाटायला लावणारेही, आणि उपयोगी पडणारेही. उपयोग हे सत्याच्या हातातले सर्वांत भरवशाचे बळ आहे. आपल्या शेजाऱ्याला, मामाला, शाळेतल्या मैत्रिणीला हे कळले तर त्यांचे काम होईल असे वाटले, की माणूस न सांगता मेसेज पुढे पाठवतो. ‘जास्तीत जास्त शेअर करा’ ही ओळ तेव्हा लागतच नाही. त्या जागेत ‘हे तापीकाठच्या गावांसाठी आहे’ असे लिहिले, तर पाठवणाऱ्याला कुणाला पाठवायचे ते कळते आणि बाकीच्यांना उगाच घाबरवले जात नाही.

चित्र की मजकूर

कार्यालये आणि संस्था अनेकदा पत्रकाचा फोटो टाकतात. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर मोबाइलवर चिकटवला की त्याची निरर्थक चिन्हे होतात, म्हणून फोटोची सवय लागली. युनिकोड देवनागरीत टंकले तर हा प्रश्न राहत नाही. फोटोतला मजकूर शोधून सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचा मोबाइल तो सहसा नीट वाचून दाखवत नाही. मजकूर मजकूर म्हणूनच टाकावा. नकाशा किंवा सही-शिक्क्याचे पत्र हवे असेल, तर त्याच्याबरोबर चार ओळी टंकाव्यात, आणि फोटोवरही तारीख व ठिकाण छापावे, कारण फोटो त्या चार ओळींपासून तुटून एकटा फिरतो. दरवर्षी पावसाळ्यात जुन्या पुरांच्या चित्रफिती नव्या म्हणून येतात, त्या अशाच तुटलेल्या असतात.

अफवेला उत्तर देताना

अफवेचे खंडन करणारा मेसेजही पुढे जायला हवा, आणि तिथे एक सापळा असतो. ‘मुले पळवणारी टोळी आल्याची बातमी खोटी आहे’ असे लिहिले, की घाईने वाचणाऱ्याच्या मनात ‘टोळी आली’ एवढेच राहते. सुरुवात खऱ्या गोष्टीने करावी. पोलिसांकडून खात्री करून घेतल्यानंतर असा मजकूर लिहिता येईल:

‘साक्री पोलीस ठाणे, (तारीख): तालुक्यात मूल पळवल्याची एकही तक्रार नाही. भिक्षेकरी, फेरीवाले, वाटसरू यांच्यावर हात उचलू नका. संशय असेल तर ११२ला फोन करा, पोलीस येतील. मारहाण करणाऱ्यावर आणि अफवा पाठवणाऱ्यावर गुन्हा दाखल होईल.’

यात अफवेचा तपशील पुन्हा सांगितलेला नाही. कुणाला जपायचे ते सांगितले आहे आणि संशयाला करण्यासारखे एक काम दिले आहे. घाबरलेल्या माणसाला नुसते ‘घाबरू नका’ म्हणून भागत नाही. त्याच्या हातात फोन करण्याचा क्रमांक द्यावा लागतो.

प्रत्येक ग्रामपंचायतीने, शाळेने, सोसायटीने असा मजकूर लिहिणारा एक जबाबदार माणूस ठरवावा आणि त्याचे नाव गावाला माहीत असावे. पाठवण्याआधी त्याने पाच प्रश्न विचारावेत. हा मजकूर अनोळखी जिल्ह्यात वाचला तर ठिकाण कळेल का? महिन्याने वाचला तर तो जुना आहे हे कळेल का? सांगणारा कोण आणि त्याला कुठे विचारायचे? वाचणाऱ्याने नेमके काय करायचे? मधले कोणतेही एक वाक्य तोडले तरी ते खरे राहील का? पाचही उत्तरे मजकुरातच मिळाली की तो पाठवावा. एखादे उत्तर सापडत नसेल, तर थांबावे, फोन करून माहिती मिळवावी आणि मग लिहावे. या थांबण्यात पाच मिनिटे जातात. तेवढी पाच मिनिटे आपण वाचणाऱ्याचे देणे लागतो.